गाळून घेतलेलं वॅक्स

आमच्या घरातून काहीही वाया जात नाही, हे मी मागच्या वैशाखापर्यंत अभिमानाने सांगत होते.

त्याच वैशाखात माझ्या सुनेने, रूपालीने, पुढच्या खोलीत पार्लर उघडलं. ती लोणावळ्याची, कोर्सही तिथेच केलेला. मळवलीत आमच्या आळीला पार्लर म्हणजे नवलच. परक्या बायांपुढे मला बोलायचं जमत नाही, म्हणून मी आतल्या दाराच्या पडद्यामागून बघायचे. बघण्यासारखं पुष्कळ होतं.

रूपाली वॅक्सच्या डब्यात लाकडाची काडी बुडवायची, पाकासारखं वॅक्स बाईच्या हाताला फासायची, वर कापडाची पट्टी दाबायची आणि सर्रकन ओढायची. बाई डोळे मिटायची. (पडद्यामागे मीही मिटायचे.) मग ती काडी कचऱ्यात. पुन्हा वॅक्स घ्यायला नवी काडी. एका बाईच्या दोन हातांना अकरा काड्या! पट्ट्याही तशाच टाकायच्या, चांगलं वॅक्स चिकटलेल्या. माझा जीव तुटायचा.

म्हणून रूपाली बाजाराला गेली की मी कचरा उपसायला लागले. काड्या साबणाने धुऊन वाळवल्या. पट्ट्या चाळणीत घालून पत्र्यावर उन्हात ठेवल्या, खाली पातेलं. दोन-तीन दिवसांत वाटीभर वॅक्स गळलं. त्यात केस होते, ते चहाच्या गाळणीने काढले. अगदी काकवी दिसत होती. (गाळणी मी धुतली होती.)

"चहात केस कुनाचा गं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"माझाच आसंल."

"तुजं केस येवढं बारीक कवापासून झालं?"

मी बशी उचलून आत गेले.

गिऱ्हाइकाला लावण्याआधी आपण लावून बघावं, एवढी अक्कल मला होती. न्हाणीत बसून डाव्या हातावर पट्टी ओढली. तोंडात पदर कोंबला होता, तरी बाहेरून ह्यांचा आवाज आला, "इंचू चावला का काय?" दोन दिवसांनी हातावर पू धरलेले फोड उठले. आंब्याची उष्णता बाधली म्हणून मी आंबे बंद केले. आणि त्यानंतरच्या सकाळी वाटी रूपालीच्या डब्यात ओतली.

त्याच सकाळी वराळ्याहून नवरी आली, आईला घेऊन. रूपालीची ही पहिली नवरी. परवा हळद होती, आणि काम पसंत पडलं तर पाच करवल्याही येणार होत्या.

"ताई, काडी दर वेळी नवीच घ्याल ना?" नवरी म्हणाली. "मागं एके ठिकाणी तीच काडी सारखी बुडवत होत्या. महिनाभर पायाला फोड होते माझ्या."

"आपल्याकडे अंगाला लागलेली काडी परत डब्यात जात नाही," रूपाली म्हणाली. "केस मुळापासून निघतो तिथं बारीक जखम होते. एकीच्या अंगावरचे जंतू डब्यात गेले की डब्यातून सगळ्यांना."

मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. म्हणजे हे लोणच्याच्या बरणीसारखंच होतं! ह्यांनी बरणीत उष्टा चमचा घातला म्हणून मी चार दिवस अबोला धरला होता. आणि मी तर अख्ख्या आळीचं उष्टं वाटीने ओतलं होतं.

"रूपाली, जरा आत ये."

"आले हं, आई."

काडी डब्यात गेली.

"रूपाली."

"दोनच मिनिटं, आई."

नवरीने हात पुढे केला. मी पडद्याबाहेर आले, रूपालीच्या हातातली काडी काढून घेतली, पदरात गरम डबा धरला आणि आत निघाले.

"आई, डबा कुठं नेताय?"

तिघीही माझ्याकडे बघत होत्या. मला एकच शब्द सुचला.

"चहाला."

रूपाली मागोमाग स्वयंपाकघरात आली. मी बाही वर करून हात दाखवला आणि सगळं सांगितलं. ती हाताकडे बघत राहिली, मग डब्याकडे, मग खिळ्याला टांगलेल्या गाळणीकडे.

"ह्या गाळणीनं?"

"धुतलीया मी."

"आई, आठ दिवस मी ह्याच गाळणीचा चहा पितेय."

तिने डबा फेकला, माझ्या धुतलेल्या काड्या फेकल्या, गाळणी फेकली, हात धुतले आणि नवा डबा घेऊन बाहेर गेली. मी पडद्याला कान लावला.

"आमच्या आईंना शंका आली म्हणून डबा बदलला," ती सांगत होती. "स्वच्छतेला फार कडक आहेत त्या."

"सासू आसावी तर आशी," नवरीची आई म्हणाली. "करवल्या बी हितंच आनते मी."

हळदीला नवरीच्या अंगावर एक पुटकुळी नव्हती. माझा हात बरा व्हायला मात्र ज्येष्ठ उजाडला.

आता वराळ्याच्या बाया कडक सासूबाईंचं पार्लर विचारत येतात. रूपालीने मला पुढच्या खोलीत खुर्ची मांडून दिली आहे. "आई, तुम्ही समोर बसलात की गिऱ्हाइकाला धीर येतो," असं ती सगळ्यांसमोर सांगते. मी परक्या बायांत खाली मान घालून बसते. नवा डबा उघडला की त्या माझ्याकडे बघतात आणि मी जाणकारासारखी मान हलवते. खुर्चीचं खरं कारण फक्त आम्हा दोघींना ठाऊक आहे: मी तिच्या डोळ्यांसमोर असले, की कचऱ्यापाशी नसते.