खालच्या बांधीत गेलेला युरिया

युरिया टाकला की धानाच्या बांधीतलं, त्या चौकोनी वाफ्यातलं, पाणी अडवायचं, हे आमच्या नाकाडोंगरीकडे शेंबडं पोरही सांगेल. मलाही माहीत होतं. धुऱ्याला, म्हणजे बांधीच्या मातीच्या कडेला, पाणी जायला पाडलेलं तोंड बुजवायचं म्हणूनच मी फावडं घेऊन निघाले होते. वाटेत कुणाच्या तरी शेळ्या आमच्या तुरीत दिसल्या. त्या हाकलल्या, मग शेळीवाली भेटली, तिच्या सुनेचं बाळंतपण साग्रसंगीत ऐकलं आणि घरी येऊन झकास चहा केला. फावडं खांद्यावरच होतं.

त्या पावसात आमचा सगळा युरिया खालच्या बांधीत गेला. ती चुलत सासऱ्यांची. त्यांचा धान असा हिरवागार झाला की ते आमच्या दारात येऊन आभार मानून गेले, तेही हसत हसत.

नवरा दात खात म्हणाला, "आता पाण्याकडं तू जायचंच नाई. मी पाहीन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत धांदरट, माहेरी वेंधळी, आणि आता सासरी पाण्यावरूनही बडतर्फ. शेवटी मोबाइलवर अशाच विसराळूपणावरचा एक व्हिडिओ पाहिला आणि भंडाऱ्याच्या मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरवलं.

"मीबी येतो," सासूबाई म्हणाल्या. "तू अर्धं सांगशील अन् अर्धं भुलशील." त्या आल्या. त्यांची छत्री एसटीतच राहिली, पण तो विषय आम्ही काढला नाही.

"एक काम अर्धवट सोडून दुसरंच हाती घेता का?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"घेते न जी!" उत्तर सासूबाईंचं. "कुकर मांडते अन् शिट्टीच ठेवत नाई."

"वस्तू हरवतात?"

"हरवतात न जी. परवा चष्मा तर..." इथे त्या थांबल्या, कारण चष्मा त्यांचा होता.

"कुणी बोलत असताना लक्ष दुसरीकडे जातं?"

सासूबाई भिंतीवरची पाल पाहत होत्या. "काय म्हटलं जी?"

मला एडीएचडी निघालं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं. हा आळस नाही, बावळटपणा नाही, मेंदूची घडणच वेगळी असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी तिथेच रडायला लागले. पदर पुढे करतील म्हणून सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडेच पाहत होत्या.

परतीच्या एसटीत त्यांनी हळूच विचारलं, "हे माह्यासारख्या म्हातारीलेबी असते का वो?"

"असलं तर लहानपणापासूनच असतं, आई."

त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "लग्नाच्या साली मीबी तोंड बुजवाले भुललो होतो. तुह्या सासऱ्यानं मंग मले पाण्याकडं कधी जाऊच नाई देल्लं. मले वाटे, आपण बिनकामाचेच."

धानाची रोपं रोवण्यात या बाईच्या हाताला गावात जोड नव्हती. घरी भिंतीवरच्या फोटोत असलेल्या सासऱ्यांचा मला आयुष्यात पहिल्यांदा संताप आला.

दुसऱ्यांदा युरिया टाकून झाला आणि नवऱ्यानं फावडं उचललं. सासूबाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "पाणी आमी दोघी पाहू."

"दोघी?" त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

आम्ही गेलो. मी चिखल ओढला, त्यांनी पायानं दाबला. मी बगळे पाहायला लागले की त्या ओरडत, "खाली पाय!" त्या मधेच तण उपटायला वळल्या की मी त्यांचा हात धरून परत आणे. तोंड बुजलं. आम्ही ऐटीत घरी आलो.

"फावडं कुठं हाये?" नवऱ्यानं अंगणातच विचारलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सासूबाईंच्या पायात चपलाही नव्हत्या.

"दोनी धुऱ्यावरच हायेत," त्या म्हणाल्या. "काई वाहून नाई जात."

तो कपाळावर हात मारत शेतावर गेला. फावडं आणि चपला घेऊन परत आला, तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"एक थेंब जाऊन नाई राहिला, आई," तो म्हणाला.

सासूबाईंनी त्याला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.