सगळ्यांनी एकदम दाबा!

आमची वहिनी कॉम्प्युटरसमोर बसली की घर डोक्यावर घेतलं तरी तिला पत्ता नसतो. रक्त तपासणीच्या एका लॅबचा प्रोग्राम ती सांभाळते. लिहून ठेवला भलत्यानेच, निस्तरते ही.

तिथल्या काउंटरवर एक काका बसतात. पेशंटचं नाव टाकायचं, बटण दाबायचं, की रिपोर्ट पेशंटच्या फोनवर. मध्यंतरी अधूनमधून एकाचा रिपोर्ट दुसऱ्यालाच जायला लागला. मालक डॉक्टर वैतागले. "काका, वय झालं आता. पुढच्या महिन्यापासून आराम करा." काकांनी वादही घातला नाही. आपलाच मेंदू दगा देतोय, अशी त्यांची खात्री पटत चालली होती. डोळे तपासून झाले, प्रत्येक नाव मोठ्याने वाचून झालं. वाटेत काही विसरलो तर, म्हणून नातीला शाळेतून आणणंही त्यांनी सोडलं.

वहिनीला ते बघवेना. तिने प्रोग्राम खोलून पाहिला. एकाच वेळी लॅबमधल्या अनेक स्क्रीनवरून लोक रिपोर्ट मागतात आणि प्रोग्राम त्या प्रत्येक कामासाठी वेगळा थ्रेड, म्हणजे कामाचा सुटा धागा, चालवतो. या थ्रेडना डेटाबेसशी बोलायला एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचा संच, असते. तिचं एक कनेक्शन एका वेळी एकाच थ्रेडने वापरायचं, असं त्या लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं. इथे मात्र सगळे थ्रेड एकाच कनेक्शनवर तुटून पडलेले! दोघांनी एकाच क्षणी विचारलं, की ह्याचं उत्तर त्याच्या पदरात. वहिनीने प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र कनेक्शन देऊन दुरुस्ती तयार केली, चाचणी चालवून चूकही दाखवली.

डॉक्टर म्हणाले, "हे यंत्राचे चाळे. माणसं कुठे अशी एकदम बटण दाबतात?"

झालं! रविवारी दादा, आई आणि मी, अशी फौज घेऊन वहिनी लॅबमध्ये हजर. काकांनाही तिने बोलावलं होतं. खऱ्या पेशंटना धक्का नको म्हणून जुन्या प्रोग्रामची वेगळी प्रत, त्यात खोटे रिपोर्ट. आईला भोपळा, दादाला गाजर, मला काकडी, डॉक्टरांना मुळा.

"अगं, पण माझ्या हातून काही बिघडलं तर?" आई म्हणाली.

"बिघडावं म्हणूनच तर आणलंय तुम्हाला! चला, सगळ्यांनी एकदम दाबा."

दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. डॉक्टर घड्याळ बघायला लागले. आई मात्र रंगात आली होती. तिने पुढचा 'एक, दोन, तीन' स्वतःच म्हटला आणि ओरडली, "अगं बाई! मी भोपळा मागितला, हा मुळा कुठून आला?"

डॉक्टर उठून आले. आईची स्क्रीन वाचली. मग वळून म्हणाले, "काका, चुकलं माझं. तुम्ही कुठेही जायचं नाही."

काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. "आणखी एकदा दाबता का?" त्यांनी विचारलं. आम्ही पुन्हा पुन्हा दाबत राहिलो. शेवटी दादाच्या स्क्रीनवर माझी काकडी आली आणि काका खदखदून हसले.

मग बाजूला जाऊन त्यांनी घरी फोन लावला. "अगं, ऐक ना," ते बायकोला म्हणाले, "मला काही झालेलं नाही."