राखून ठेवलेला प्रश्न

नाशकातून आजवर जेवढे म्हणून पुढारी सभागृहात गेले असतील, त्या सगळ्यांनी मिळून केली नसतील इतकी भाषणं माझ्या बायकोच्या मामांनी आपल्या इंदिरानगरच्या गॅलरीत केली आहेत, आणि तीही दोन्ही बाजूंनी. सरकारही तेच आणि विरोधी पक्षही तेच. वेताच्या खुर्चीत बसले की मंत्री, उठून तुळशीच्या कुंडीपाशी गेले की विरोधक. कुंडीपाशी उभे राहून ते रिकाम्या खुर्चीवर असे तुटून पडत की खुर्ची आता राजीनामा देणार असं वाटावं. मग स्वतःच शांतपणे येऊन तिच्यात बसत आणि मघाचे सगळे आरोप धादांत खोटे असल्याचं सांगत. विषय मात्र वर्षानुवर्षं एकच. दिव्यांगांसाठी सरकारने ठेवलेला पैसा गेला कुठे, आणि अडवला कुणी?

मामांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली. मी कॉलेजात असताना इगतपुरीहून यायचो. डिसेंबरच्या सकाळी स्टँडवर धुकं इतकं दाट असे की फलाट दिसत नसे, गाडी दिसत नसे, नुसता तो आवाज यायचा. ‘सटाणा, कळवणकडे जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.’ मला कळवणला जायचं नसे, पण त्या आवाजाने सांगितलं तर जावं, असं वाटे. पुढे मुलगी बघायला गेलो तेव्हा आतल्या खोलीतून तोच आवाज म्हणाला, “पोहे येत आहेत,” आणि मी दचकून पिशवी उचलली. तेव्हापासून मी त्यांचा जावईबापू आहे.

लग्नातही त्यांनी मला सोडलं नाही. चौथं मंगलाष्टक संपून पाचवं सुरू व्हायच्या आत मामा उठले आणि हात वर करून म्हणाले, “हरकतीचा मुद्दा!” भटजी थांबले. अक्षता हवेतच राहिल्या. मला वाटलं, या लग्नालाच यांची हरकत आहे की काय. हरकत एवढीच होती की कार्यालयात चाकाची खुर्ची वर न्यायला जो एकुलता एक उतार होता, त्यावर बँडवाल्यांनी आपले ढोल रचून ठेवले होते. ढोल हलले, मगच पाचवं मंगलाष्टक झालं. त्या दिवशी लग्नाला चाकाच्या खुर्चीवरून कुणीही आलेलं नव्हतं. मी नंतर तसं म्हणालो, तर मामा म्हणाले, “ढोल ठेवलेले दिसल्यावर कसं कोण येईल, जावईबापू?”

मामांनी लग्न केलं नाही. त्यांच्याबरोबर राहते त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या बायकोची बेबीमावशी. आता तिचं वय पंचावन्न आहे. समज सहा-सात वर्षांच्या मुलीइतकी, असं डॉक्टर सांगत, आणि मामा त्यांना विचारत, की कुठल्या मापाने मोजली? बेबीमावशीला मोजकेच शब्द येतात, पण गॅलरीतल्या सभागृहाची ती अध्यक्ष आहे. रविवारी दुपारची जेवणं झाली की ती मोठ्या पाटावर बसते, मांडीवर देवघरातली पितळी घंटा घेऊन. मामा बोलत सुटले की घंटा वाजवते आणि म्हणते, “बसा.” मामा तत्काळ बसतात. एवढ्या वर्षांत तिने कधी पक्षपात केलेला नाही. सरकारलाही बसवते, विरोधकांनाही. शेवटी मामा हात जोडून, “अध्यक्ष महोदया, ही मागणी मंजूर करावी,” असं म्हणतात. ती “मंजूर!” म्हणून पाटावर थाप मारते आणि सगळ्यांच्या हातावर चिवडा ठेवते. मग मामा “सभागृह तहकूब” असं घोषणेच्या आवाजात सांगतात आणि आतून चहा येतो.

लग्नानंतर कुंडीपाशी मामाच राहिले आणि खुर्ची माझ्याकडे आली, कारण जेवणानंतर मला झोप येते आणि मामांच्या मते मंत्र्याला एवढी पात्रता पुरे. ऊन गॅलरीच्या जाळीतून फरशीवर सांडलेलं असे, तुळशीला पाणी घातल्याचा वास असे, मामांचा आवाज जवळ येई, लांब जाई, आणि मी अर्धवट झोपेत “माहिती घेऊन सांगतो” असं उत्तर देत असे. दर रविवारी मामा वहीतून प्रश्नांची यादी वाचत. सुरुवात ठरलेली. “प्रश्न क्रमांक एक. राखून ठेवण्यात येत आहे.” मग थेट दोन. तो एक नंबरचा प्रश्न काय आहे, हे मी कधी विचारलं नाही. मला ती त्यांची एक लकब वाटायची.

बेबीमावशी ज्या कार्यशाळेत रोज जायची, तिचं अनुदान एका वर्षी आलंच नाही. तिथे तिच्यासारखी वीस-बावीस मोठी माणसं पुठ्ठ्याच्या फायली बनवायची. मामा बेबीमावशीला बरोबर घेऊन चौकशीला सरकारी कचेरीत गेले. साहेबांनी प्रकरणाची फाइल काढली, आणि मामा बघतच राहिले. फाइल कार्यशाळेतलीच होती. बेबीमावशी नाडीला नेहमी तीन गाठी मारते, दोनने तिचं समाधान होत नाही; या फायलीच्या नाडीलाही तीनच होत्या. “साहेब,” मामा म्हणाले, “हिनेच बनवलेल्या फायलीत तुम्ही हिलाच बांधून ठेवलंय.” साहेब कानकोंडे झाले. म्हणाले, वरून आलं की लगेच सोडतो. कार्यशाळा चालवणाऱ्या ताईंनी मात्र सांगून टाकलं, की मार्चनंतर कुलूप लावावं लागेल.

निवडणूक तोंडावर होती. पालकांनी गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये सभा ठेवली आणि दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना बोलावलं. सत्ताधारी म्हणाले, आम्ही तरतूद केली, मागच्यांनी तिजोरीच रिकामी ठेवली होती. विरोधक म्हणाले, आम्ही भरून ठेवली होती, यांनी रस्त्यांकडे वळवली. मालेगावकडच्या एक बाई मुलाचा हात धरून उभ्या राहिल्या. “सायेब, हा पहिले घरात डोकं आपटायचा. इथं यायला लागला अन् लय फरक पडला. आता बंद केलं तं मी याला काय सांगू?” त्यांचं कुणी ऐकलंच नाही. दोन्ही पुढारी उभे राहून एकमेकांवर ओरडत होते.

बेबीमावशी मामांशेजारी पहिल्या रांगेत बसली होती. तिला वाटलं, हे आपलंच सभागृह आहे, आणि अध्यक्षांना पाटावर बसवायचं राहून गेलंय. एक पाय ओढत ती मंचावर चढली. पिशवीतून घंटा काढली आणि वाजवली. “बसा.”

दोघेही बसले! घंटा ऐकून बसायची सभागृहातली सवय असणार. मामांना मी आयुष्यात पहिल्यांदा गोंधळलेलं पाहिलं. पण क्षणभरच. ते जागेवरून उठले, हात जोडले, आणि त्या धुक्यातल्या आवाजात म्हणाले, “अध्यक्ष महोदया, कार्यशाळा चालू राहावी. ही मागणी मंजूर करावी.”

“मंजूर!” बेबीमावशीने टेबलावर थाप मारली. मग पिशवीतली पुडी सोडून तिने आधी सत्ताधाऱ्यांच्या आणि मग विरोधकांच्या हातावर चिवडा ठेवला. चिवडा हातात घेऊन माणसाला भांडता येत नाही. दोघांनीही जाहीर आश्वासन दिलं, फोटो निघाले. निवडणूक झाली. अनुदान अर्धंमुर्धं आलं आणि कार्यशाळा आठवड्यातून तीन दिवस सुरू राहिली. मामांनी वर्तमानपत्रातलं ते कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलं. दर सोमवारी ते कचेरीत जाऊन विचारत, उरलेले तीन दिवस कधी? कंटाळा येत नाही का, असं मी विचारलं. “सभागृहात दिलेलं आश्वासन पाळेपर्यंत मरत नसतं, जावईबापू. ते नुसतं पडून असतं.”

गेल्या हिवाळ्यात मामांना बारीकसा झटका आला. हातपाय सावरले, आवाज गेला. म्हणजे बोलतात, पण कान जवळ न्यावा लागतो. ज्या आवाजाने कळवणची गाडी हलायची, तो आता कुंडीपासून खुर्चीपर्यंत येईना. मला फार वाईट वाटलं. सभागृह बंद होईल असं वाटलं होतं, पण पुढच्याच रविवारी बेबीमावशी पाट घेऊन मामांच्या पलंगापाशी हजर होती.

मामांनी पलंगावर बसूनच वही उघडली. “प्रश्न क्रमांक एक,” ते म्हणाले. मी सवयीने डोळे मिटून घेतले. पण ‘राखून ठेवण्यात येत आहे’ हे शब्द आलेच नाहीत. खालून भंगारवाल्याची हाक आली. मग मामा अगदी हळू म्हणाले, “माझ्यानंतर बेबीचं काय? मंत्रिमहोदयांनी खुलासा करावा.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी होती. आम्ही दोघं हे कधीच बोललो नव्हतो. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. ‘माहिती घेऊन सांगतो’ हे वाक्य माझ्या जिभेवर इतक्या वर्षांचं बसलेलं होतं. ते गिळून मी उभा राहिलो. “अध्यक्ष महोदया,” मी म्हणालो, “बेबीमावशी आमच्या घरी राहील. पुढची खोली तिची. कार्यशाळेत मी सोडेन आणि मीच आणेन. दर सोमवारी कचेरीत जाईन. हे आश्वासन मी सभागृहाला देतो.” आवाज कापत होता. माझा, मामांचा नव्हे.

बेबीमावशीने माझ्याकडे नीट पाहिलं. “मंजूर,” ती म्हणाली, आणि तिने थाप मारली.

मामांनी पेन मागितलं. वहीत पहिल्या प्रश्नापुढचं ‘राखून ठेवला’ खोडलं आणि थरथरत्या अक्षरात लिहिलं, ‘उत्तर मिळाले’. मग उशीला टेकले आणि चहा यायच्या आत गाढ झोपले, सभागृह तहकूब करायचं विसरून. तोंड किंचित उघडं होतं, आणि ते मंद घोरत होते. मी काही बोलणार, तोच बेबीमावशीने ओठांवर बोट ठेवलं. घंटा वाजू नये म्हणून तिने तिचा लोलक मुठीत घट्ट धरून ठेवला होता.