भांड्यांवरचं नाव

आपण जिवंत आहोत हे पटवून द्यायला काय काय करावं लागतं, ते मला विचारा. खालापूरच्या कचेरीच्या पायऱ्या मी स्वतःच्या पायांनी चढले, आणि तिथल्या कारकुनाने एक जाडजूड वही उघडून माझ्या तोंडावर सांगितलं की मी फार पूर्वीच वारले आहे. आज म्हातारपणीसुद्धा ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मला कचेरीशी काय करायचं होतं? काही नाही. मला माझ्या लेकीकडे जायचं होतं. आमचे जावई आफ्रिकेत, मोंबाशाला रेल्वेत नोकरीला होते. तिथून लेकीचं पत्र आलं, तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण तिथल्या डॉक्टरने तिला बोटीचा प्रवास मना केला. परक्या मुलखात, जवळ बाईमाणूस नाही, पोरीने वेणा द्यायच्या कुणाच्या भरवशावर? मी म्हटलं, लेक माहेरी येऊ शकत नाही ना, मग माहेर उठून तिच्याकडे जाईल! हे खोपोलीच्या शाळेत हेडमास्तर, त्यांना रजा मिळणं शक्य नव्हतं. पण कर्जतचं एक ओळखीचं कुटुंब दिवाळीनंतरच्या बोटीने तिकडेच निघालं होतं, त्यांची सोबत होती. त्या बोटीने गेले असते तर बाळंतपणाच्या आधी आरामात पोचले असते. फक्त पासपोर्ट हवा होता.

फक्त! कपाळ माझं.

आधी फोटो. कर्जतहून फोटोवाला आला, त्याने परसात खुर्ची मांडली आणि म्हणाला, डोक्यावरचा पदर मागे घ्या, कान दिसले पाहिजेत. सरकारला माझे कान कशाला हवे होते कोण जाणे. शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या, "अगं बाई, फोटो काढलास तर आयुष्य कमी होईल!" माझं आयुष्य सरकारदरबारी आधीच संपलेलं आहे, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

मग अर्ज. तो ह्यांनी वळणदार अक्षरात भरला. तो मुंबईला पाठवण्याआधी ही बाई अमक्याची बायको, अमक्या गावची, अशी खात्री तालुक्याच्या साहेबांनी करून द्यायची होती. म्हणून आम्ही दोघं गाडी जुंपून शिळफाट्यावरून खालापूरला गेलो. कारकुनाने अर्ज घेतला, आमच्या गावची जन्ममृत्यूची वही काढली, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वहीकडे.

"मास्तर, ह्या नावाची तुमची पत्नी प्लेगात मयत आहे."

दाराशी उभा असलेला शिपाई हळूच म्हणाला, "आवो बाय, कागदात तर तुमी मेलेल्या हाय!"

आता यात त्या कारकुनाची काही चूक नव्हती, हे मी आज कबूल करते. तेव्हा मात्र मला त्याची वही चुलीत घालावीशी वाटली. कारण खरी चूक कुठे होती ते मला त्याच क्षणी कळलं, आणि ती चूक माझ्या घरातली होती.

मी ह्यांची दुसरी बायको. पहिली प्लेगाच्या साथीत गेली, बिचारीला मूलबाळही झालं नव्हतं. वर्षाच्या आत मी लग्न होऊन आले. सून घरात आली की तिचं नाव बदलायचं, ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, ही आपली रीत सगळ्यांना माहीत आहे. माझं कोणतं नाव ठेवायचं यावर बायकांची चर्चा चालली होती, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आधीचंच ठेवा. एवढ्या भांड्यांवर कोरलंय, कोण खोडत बसणार?"

झालं. घागर, बंब, पातेली, ताटल्या, सगळ्यांवर तिचं नाव होतं, म्हणून ते मला आलं. ह्यांनी अंगठी घेतली आणि एका दमात लिहून टाकलं. हाताला सवयच होती. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, मान खाली. माझ्या आईने नऊ महिने पोटात वाढवून, बारा दिवस विचार करून ठेवलेलं नाव एका पातेल्यापुढे टिकलं नाही. शिवाय गेलेल्या सवतीच्या प्रतिमेचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, तोही घातला. तिच्यावर माझा कधीच राग नव्हता. रोज भांडी घासताना तिच्या नावावरून हात फिरायचा तेव्हा वाटायचं, बाई गं, तुला मेल्यावरही सुटका नाही आणि मला जिवंतपणी नाव नाही.

तर कचेरीत आम्ही दोघं साहेबांपुढे उभे राहिलो. साहेब भले होते. सगळं ऐकून हसले आणि म्हणाले, "सोपं आहे. ही ती नव्हे, एवढं शपथेवर लिहून देऊ. मास्तर, यांचं माहेरचं नाव सांगा."

मी तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला. "बाई, तुम्ही नाही. आपण कोण हे आपणच सांगून कसं चालेल? यजमानांनी सांगायचं."

मी वाट बघतेय. पंख्याची दोरी ओढणारासुद्धा थांबून बघायला लागला. ह्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे वळून, वर्गात एखादं पोर शेजारच्याला विचारतं तसं विचारलं, "काय गं होतं?"

मी काय सांगू तुम्हाला, माझी आग मस्तकात गेली! मी ह्यांचं नाव उभ्या जन्मात तोंडाने घेतलं नाही. रीत म्हणून. हळदीकुंकवाला उखाण्यात गुंफून घ्यायचे तेवढंच. पण मला ते ठाऊक तरी होतं! ह्यांना शाळेतल्या पोरांची हजेरी तोंडपाठ, पोरांच्या बापांची, आज्यांची नावं तोंडपाठ. आणि ज्या बाईच्या हातचं रोज जेवले, तिचं नाव? लग्नानंतर पोरगी वाढून, तिचं लग्न होऊन, ती आई व्हायला आली, तोवर एकदा विचारलं नाही. वाटलं, तोंडातून शब्द काढू नये. उठावं आणि चालत खोपोली गाठावी. बसा म्हणावं आता साहेबांसमोर चष्मा पुसत!

पण तिकडे पोरीचे दिवस भरत चालले होते. माझा मान मोठा की तिच्या वेणा? मी गिळला राग. हळूच नाव सांगितलं. ह्यांनी ते, पूजेला बसलेला यजमान भटजींच्या मागून मंत्र म्हणतो तसं, माझ्या मागून म्हटलं. साहेबांनी लिहून घेतलं. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "चांगलं आहे गं नाव." मी शिळफाटा येईपर्यंत बोलले नाही. त्यानंतरही बोलले ते फक्त बैलाला.

एवढ्याने भागलं असतं तर काय हवं होतं? पहिलीच्या मृत्यूचा दाखला आणा, गावच्या पाटलाचा जबाब आणा, माहेरच्या माणसाची सही आणा. माझा भाऊ त्यासाठी कामधंदा सोडून आला. कागद मुंबईला गेले, परत आले, पुन्हा गेले. एवढ्यात बोट सुटली. कर्जतचं कुटुंब गेलं. मी घरी बसून डिंकाचे लाडू वळत होते आणि ते बांधून ठेवत होते. एका भांड्यावरच्या नावापायी माझी पोर एकटी पडणार होती, आणि हे कुणाला सांगावं तर लोक हसत होते.

पुढच्या बोटीने गेले. ओळखीचं चिटपाखरू नाही, त्यात बोट लागलेली. मोंबाशाला उतरले तेव्हा जावई एकटेच घ्यायला आले होते. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मुलगी झाली होती, पाच दिवस झाले होते. वेणा देताना पोर सारखी आई आई करत होती म्हणे. ते ऐकून मला जे वाटलं ते अजून कुणापाशी बोलले नाही आणि लिहितही नाही.

बाळंतपण चुकलं, बारसं सापडलं. त्या परक्या गावात चार मराठी बायका जमल्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण आत्या होती पुण्यात, म्हणून तो मान माझ्याकडे आला. लेक बाजेवर बसून हसत म्हणाली, "आई, मी केव्हाच ठरवलंय. तुझंच नाव ठेवायचं."

आणि तिने भांड्यांवरचं नाव सांगितलं.

तिचा काय दोष? तिने आजीच्या तोंडून जन्मभर तेच ऐकलं होतं. बायका "वा, छान" म्हणाल्या. मी पाळण्यावर वाकले. रीतीप्रमाणे त्या माझ्या पाठीत हलके धपके घालायला लागल्या, आणि मी त्या एवढ्याशा कानात कुर्र करून माझ्या आईने ठेवलेलं नाव सांगितलं. मग उभी राहून तेच सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं.

लेकीने विचारलं, "हे कुणाचं गं नाव, आई?"

"माझं," मी म्हटलं. "खालापूरच्या साहेबांना विचार, त्यांच्याकडे लिहिलेलं आहे."