कोरी जागा सोडू नये

कोर्टाच्या जिन्याखाली बसून टायपिस्टबाईंनी अर्धं आयुष्य दुसऱ्यांचं म्हणणं टाइप केलं. प्रतिज्ञापत्रं, जबाब, माफीनामे, काय म्हणाल ते. एकदा तरी काळा कोट घालून कुणाची तरी बाजू आपण मांडायची, हा किडा नवरा गेल्यावर त्यांच्या डोक्यात शिरला तो काही केल्या निघेना. वकील चेष्टा करत. “बाई, तुम्ही कोट चढवलात तर आमचे कागद कोण बडवणार?” हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून बाईंनी तिकडे काणाडोळा केला.

संध्याकाळच्या विधी महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा त्यांनी दिली. थोडक्यात हुकली. वर्षभर पुस्तकं घासून पुन्हा दिली, तर गुण वाढायचे सोडून घटले! वयाच्या अटीत आता एकच संधी उरली होती. बाईंनी अंथरूण धरायचं तेवढं बाकी ठेवलं.

गणिताच्या शिकवण्या घेणारी त्यांची लेक तो निकाल उलगडून बसली. बरोबर उत्तरं वाढली होती. पण चुकीची त्याहून जास्त वाढली होती, आणि प्रत्येक चुकीला पाव गुण कापला होता.

“आई, एकही प्रश्न सोडला नाहीस?”

“सोडायचा कसा? कागदावर कोरी जागा ठेवली की उद्या कुणीही तिथे काहीही घुसडतं. आम्ही फुल्या मारतो, पण जागा भरतो.”

लेकीने कपाळावर हात मारला. “अगं, हे काय प्रतिज्ञापत्र आहे? खात्री नसेल तिथे हात लावायचा नाही. माझी शपथ आहे तुला.”

घरी सराव सुरू झाला आणि गुण चढू लागले. कोरं सोडताना बाईंना घासात खडा लागल्यासारखं व्हायचं, पण पोरीचा शब्द त्यांनी मोडला नाही. परीक्षेतही नाही.

तिसऱ्या निकालात अर्ध्या गुणाने जागा गेली. सोडलेल्यातला एक प्रश्न बरोबर आला असता, तरी पुरे होता.

लेक प्रश्नपत्रिका आणि छापील उत्तरं घेऊन स्वयंपाकघरात बसली.

“हा का सोडलास?”

“दुसरा पर्याय वाटत होता. खात्री नव्हती.”

लेकीची नजर उत्तरांच्या पानावर खिळली. “चुकलाच असता. आणि हा?”

“चौथा.”

“हाही चुकला असता. सोडलास ते बरं केलंस.”

खोटे जबाब टाइप करण्यात बाईंचे केस पिकले होते. लेकीचा आवाज कोरडा पडला होता, आणि तिच्या बोटाखालचं पान बाईंना समोरून उलटंही वाचता येत होतं. कोट गेला, तो गेलाच. पण ही पोर आता जन्मभर स्वतःला खात बसेल, हे त्यांना सहन होईना.

“पुढचा प्रश्न विचार,” त्या म्हणाल्या.

लेकीने विचारला. तो बाईंना लख्ख आठवत होता. तिसऱ्या पर्यायावर टेकवलेली पेन्सिल त्यांनी जिवावर येऊन उचलली होती.

“पहिला वाटला होता,” बाई म्हणाल्या.

लेकीने पान पाहिलं आणि तिचा अडकलेला श्वास सुटला. “बघ, चुकलाच असता,” ती म्हणाली. या वेळी ती खरं बोलत होती.

उरलेल्या सगळ्या प्रश्नांना बाईंनी अशीच, ठरवून, चुकीची उत्तरं दिली.