व्हरांड्यातला प्लग

आजींनी माझं नेटबुक वर्तमानपत्राच्या कागदाने धरून उचललं.

खंडेनवमी होती. जयपूरच्या विद्याधर नगरात, आमचा कॉम्प्युटर क्लास घेणाऱ्या ताईंच्या घरी, मागच्या खोलीत कॉम्प्युटरची पूजा मांडलेली. लांब टेबलावर त्यांचे चार कॉम्प्युटर, प्रत्येकावर झेंडूचं फूल, कीबोर्डच्या कडेला हळदकुंकू. क्लासच्या मुलांनी आपापली यंत्रंही त्याच रांगेत ठेवलेली. कोणाचा मोबाइल, कोणाचा टॅब. सईने तर साधा कॅल्क्युलेटर ठेवला होता. त्याच्या शेजारी मी माझं नेटबुक, तो छोटासा जुना लॅपटॉप, ठेवलं.

आजी म्हणजे ताईंच्या सासूबाई. त्यांचं बोट कॅल्क्युलेटरला कुंकू लावून पुढे आलं आणि थांबलं. त्यांनी रद्दीतला कागद घेतला. नेटबुक त्यात धरलं, व्हरांड्यात नेलं आणि चपलांच्या स्टँडवर ठेवलं.

"तुमच्यात पूजा करत नाहीत ना," त्या म्हणाल्या. "मग उगाच कशाला."

खरंच होतं ते. आमच्यात करत नाहीत. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. मी यंत्र पूजेत ठेवलं हे बाबांना कळलं असतं, तर तेच आधी रागावले असते. म्हणून मला बोलता येईना. आमचाच धर्म त्यांनी माझ्या तोंडात कोंबला होता. पण पूजा नाही करायची, तर कागद कशाला? हाताने उचलता आलं असतं.

ताई तबक धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. मग निरांजनाची वात सारखी केली.

बाबा रेल्वेत फिटर. अकोल्याकडून बदली होऊन जयपूरला आले, तेव्हा मी लहान होते. माझी शाळा हिंदी. मराठी मी शाळेत शिकले नाही, पत्रकांवर शिकले. जयंती जवळ आली की बाबा पत्रक लिहायला बसत आणि मला मोठ्याने वाचायला लावत. अडखळले की पहिल्यापासून. 'अन्याय', 'स्वाभिमान', 'संघटित' हे शब्द मला 'चिमणी' आणि 'पोपट' यांच्या आधी वाचता यायचे.

प्रत्येक पत्रकात बाबा एक गोष्ट घालायचेच. त्यांच्या गावच्या हॉटेलातली. आपल्या लोकांसाठी बाहेर कुडाला खोचून ठेवलेली, कान तुटलेली कपबशी. चहा वरून ओतायचे. पिऊन झाल्यावर कप आपणच विसळायचा, आपणच परत खोचायचा. बाबा लहानपणी त्याच कपातून चहा प्यायले होते. "तो कप तिथंच ठेवून म्या रेल्वेत लागलो," असं ते म्हणायचे. प्रत्येक वर्षी म्हणायचे. अभिमानाने.

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीला कायम कुलूप. म्हणून ताईंच्या क्लासचं कळलं तेव्हा बाबा मला स्वतः सायकलवर घेऊन गेले. ताई पुण्याच्या, मोठ्या कंपनीत. रविवारी मराठी मुलांना कॉम्प्युटर शिकवायच्या. फुकट. जे फुकट मिळतं त्याच्याबद्दल तक्रार कशी करायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आजींनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं.

पुढच्या रविवारी ताई बाबांना म्हणाल्या, "हिला स्वतःचं मशीन घेऊन द्या ना. जुनं असलं तरी चालेल. मुलगी हुशार आहे, आपल्या मशीनवर लवकर पुढे जाईल."

बाकी मुलं रिकाम्या हाताने यायची. दोघं दोघं एका कॉम्प्युटरवर बसायची. हे एकट्या मलाच सांगितलं. मला वाटलं, मी हुशार आहे म्हणून.

बाबांनी जुन्या बाजारातून नेटबुक आणलं. शाळेच्या वहीपेक्षा थोडं मोठं. बटणं एवढी बारीक की एक दाबलं की शेजारचं दाबलं जायचं. बॅटरी मेलेली. वायर निघाली की यंत्र बंद. त्यामुळे प्लगजवळच बसावं लागायचं, आणि ताई म्हणाल्या की मागच्या खोलीत प्लग शिल्लक नाही. व्हरांड्यात एक होता. चपलांच्या स्टँडच्या वर. मी तिथे बसायला लागले. आतून ताईंचा आवाज यायचा, त्यावरून शिकायचं. कॉम्प्युटरचा पडदा दिसायचा नाही.

"टिफिन आला!" मी दिसले की मुलं ओरडायची, नेटबुक जेवणाच्या डब्याएवढं म्हणून. नेटबुक सुरू होईपर्यंत आत अर्धा धडा झालेला असायचा. सई मधूनच बाहेर यायची, माझ्या शेजारी टेकायची. "भात शिजला का गं तुझा?" म्हणायची. आम्ही दोघी हसायचो. मग आतून आजींची हाक. "सई, आत ये."

मी हार मानली नाही. मुरलीपुऱ्यात एक दुरुस्तीवाला भैया होता, त्याच्या दुकानात जाऊन बसायचे. त्याने जुनी विंडोज काढून हलकी लिनक्स घालायला शिकवलं. मग मी पैसे साठवून घरघरणारी हार्ड डिस्क बदलली. नवी कसलाच आवाज करत नसे. मेमरीचं झाकण उघडून त्याने दाखवलं, "देखो बिटिया, इसमें जगह एक ही है. पुरानी निकलेगी, तभी नई लगेगी." नवी घ्यायला पैसे नव्हते. तरी यंत्र पळायला लागलं. त्या वर्षीचं पत्रक मी त्यावर टाइप केलं. बाबांनी छापून आलेला कागद घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. "पोरीच्या मशीनवरचं हाय."

"पोरी," ते मला म्हणायचे, "आपलं आपल्यापाशी असलं म्हणजे कोणाचं तोंड पाहा लागत नाही."

ताईही खूश होत्या. "बघ, आता तुला आमच्या मशीनची गरजच नाही."

मी ते शाबासकीसारखं घरी घेऊन आले होते. खंडेनवमीपर्यंत ती शाबासकीच होती.

त्यानंतरच्या रविवारी मी नेटबुक पिशवीतून काढलंच नाही. सरळ मागच्या खोलीत गेले. सईच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. सई थोडी सरकली. मी बसले.

"अगं, तुझं आणलं नाहीस का?" ताईंनी विचारलं.

"आणलंय. पिशवीत आहे."

"मग?"

"आज इथे बसते."

दारातून आजी म्हणाल्या, "नंतर तो कीबोर्ड पुसून घे गं."

माझ्याशी नाही, ताईंशी. भाजीत मीठ घाल म्हणावं तशा.

ताई माझ्याजवळ वाकल्या. आवाज अगदी मऊ. "आजी जुन्या वळणाच्या आहेत. तू समजूतदार आहेस ना?"

आजींच्या कागदापेक्षा मला हे जास्त लागलं. आजींनी मला बाहेर ठेवलं होतं. ताई मला सांगत होत्या की मी स्वतःच बाहेर जाऊन बसावं, आणि हसून बसावं.

"नाही," मी म्हटलं.

मग मी टाइप केलं. माझं आडनाव. सगळ्यात मोठ्या अक्षरांत, पडदा भरेपर्यंत. त्या कीबोर्डची बटणं मोठी होती. एकही चुकलं नाही.

उठले. म्हटलं, "आता पुसा."

सई मान खाली घालून बसली होती. तिने वर पाहिलं नाही. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

संध्याकाळी बाबा कामावरून आले ते हसत. खिशातून रुमाल काढला, रुमालातून छोटी हिरवी पट्टी. मेमरी. भैयाकडे आधीच सांगून ठेवली होती म्हणे. "हे घे. मोठीवाली भेटली. आता ताई म्हणतीन, पोरगी कुठच्या कुठं गेली."

मी त्यांना सगळं सांगितलं. व्हरांडा, प्लग, कागद, कीबोर्ड. आई पोळ्या करता करता थांबली. "मंग आता शिकाले कुठं जाशीन?" ती म्हणाली.

बाबांनी ती पट्टी तळहातावर धरली होती. ती उलटून पाहिली. मग म्हणाले,

"मतलब, कप मीच घेऊन देल्ला तुले."

मी नाही म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या जयंतीच्या पत्रकात त्यांनी कपाची गोष्ट घातली नाही. त्यानंतर कधीच घातली नाही. ताईंच्या घराने माझ्याकडून काय घेतलं ते मी मोजू शकते. बाबांकडून ती गोष्ट घेतली, ते मोजता येत नाही.

पुढचं मी एकटीने शिकले. उशिरा शिकले, अर्धवट शिकले. त्याची ठेच अजून लागते.

आता जयपुरातच एका ऑफिसात नोकरी करते. रुजू झाले त्या दिवशी साहेब म्हणाले, "आपके पास अपना लैपटॉप है ना? वही ले आइए, आपको भी आराम रहेगा."

समोर सगळ्यांच्या टेबलावर ऑफिसची यंत्रं होती.

"नहीं सर," मी म्हटलं. "सबको जो दिया है, वही दीजिए."

त्यांना मी हट्टी वाटले. यंत्र यायला वेळ लागला. तोपर्यंत मी रांगेतल्या रिकाम्या टेबलाशी रोज वेळेवर जाऊन बसत होते. येणारेजाणारे विचारायचे, तुझ्याकडे काहीच नाही का?

आहे. माझं नेटबुक घरी आहे. बाबांनी आणलेली मेमरी मी त्यात बसवली आहे, आणि ते चालू आहे. कोणाच्याही दारात मी ते घेऊन जाणार नाही.