न्हाव्याचा अबोला

अख्ख्या गल्लीची गाऱ्हाणी ऐकणारा न्हावी स्वतःबद्दल विचारलं की तोंडात मिठाची गुळणी धरायचा. बायको गेल्यापासून त्याची प्रार्थनाही थांबली होती, म्हणून थोरल्या बहिणीने त्याला चर्चमागे राहणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरकडे मन मोकळं करायला पिटाळलं. दोनदा तो समोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारून परतला.

तिसऱ्यांदा सिस्टरनी विचारलं, "तुमच्या खुर्चीत लोक एवढं घडाघडा कसं बोलतात हो?"

"मी त्यांच्या पाठीमागे उभा असतो ना!"

सिस्टर उठल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

न्हावी पुटपुटला, "देवाशी मी अबोला धरलाय."

"धरा की," सिस्टर म्हणाल्या. "परक्याशी कोण अबोला धरतं?"